डॉकएक्सच्या पोटातले फोटो

"सगळं आत आहे की ओ. मजकूर पण आहे, फोटो पण आहेत. आता नुसतं पुस्तक करून द्यायचं." खानापूर तालुक्यातल्या एका गावचे निवृत्त गुरुजी असं म्हणत टेबलावर पेन ड्राइव्ह ठेवतात, तेव्हा मी आधी चहा सांगतो. पुढचं बोलणं लांबणार हे ठरलेलं असतं.

बेळगावात, शहापूर भागात माझं डीटीपीचं दुकान आहे. मंदिराच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, गावच्या इतिहासाची पुस्तकं, ग्रामीण साहित्य संमेलनांच्या पुस्तिका असली कामं येतात. हल्ली त्याच मजकुराचं ई-बुक आणि वेबपानही मागतात. मजकूर जवळजवळ नेहमी वर्डमध्ये येतो, फोटो त्यातच चिकटवलेले. वर्डमधला मजकूर दुसरीकडे न्यायला आता फारसा त्रास नाही. अडतं ते फोटोंपाशी.

गुरुजींची फाइल मंदिराच्या जीर्णोद्धाराची होती. ९६ पानं, सत्तरएक फोटो, आणि फाइलचं वजन अवघं ९ एमबी. मला शंका आली ती या आकड्यावरूनच. आजच्या साध्या मोबाइलचा एक फोटो तीन-चार एमबीचा असतो. सत्तर फोटो म्हणजे दोनशेच्या वर जायला हवं. मग बाकीचं गेलं कुठं?

ते बघायची सोपी युक्ती आहे. २००७ पासून वर्डची फाइल 'डॉट डॉकएक्स' या शेपटीनं सेव्ह होते, आणि ही फाइल म्हणजे खरं तर एक झिप असते, बांधलेलं गाठोडं. फाइलची एक प्रत काढायची, तिच्या नावाचं 'डॉकएक्स' हे शेपूट पुसून 'झिप' लिहायचं आणि उघडायची. (शेपूट दिसतच नसेल तर विंडोजच्या फोल्डरमध्ये 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा.) आत 'वर्ड' नावाचं फोल्डर, त्याच्या आत 'मीडिया'. तिथं तुमचे सगळे फोटो ओळीनं दिसतात, पण तुम्ही ठेवलेल्या नावांनी नाही. 'इमेज १', 'इमेज २' अशी नावं वर्डनं आपल्या मनानं दिलेली असतात. 'डॉट डॉक' ही जुनी शेपटी असेल तर आधी डॉकएक्समध्ये सेव्ह करून घ्यावं लागतं, कारण ती फाइल झिप नसते.

गुरुजींच्या गाठोड्यात कळस चढवतानाचा, अख्खा गाव जमलेला फोटो सापडला. ४४० बाय ३३० पिक्सेल, म्हणजे फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो ते. तोच फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये ४००० बाय ३००० होता.

"मी काही कमी केलं नाही हं," गुरुजी म्हणाले. आणि ते खरंच होतं. कमी केलं होतं वर्डनं, त्यांना न विचारता.

ते कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण निम्मे घोटाळे इथंच होतात. वर्डच्या बहुतेक आवृत्त्यांत असं ठरवून ठेवलेलं असतं की फाइल सेव्ह करताना फोटो इंचाला २२० पिक्सेल एवढाच ठेवायचा, वरचे काढून टाकायचे. आता इंच कुठले? तर तुम्ही वर्डच्या पानावर फोटो जेवढा दिसायला ठेवलात ते. पान भरू नये म्हणून गुरुजींनी कोपरा धरून फोटो दोन इंच रुंद केला. दोन इंच गुणिले २२०, झाले ४४०. वर्डच्या दृष्टीनं हिशेब चोख. पण मला तोच फोटो पुस्तकात सव्वाचार इंच रुंद घ्यायचा होता. ४४० भागिले सव्वाचार, इंचाला जेमतेम १०३ पिक्सेल. छपाईला साधारण ३०० लागतात.

पिक्सेल म्हणजे पिठाचा उंडा समजा. उंडा तेवढाच ठेवून भाकरी परातीएवढी थापायला गेलात तर ती मध्ये फाटणारच. 'डीपीआय', म्हणजे इंचाला किती पिक्सेल, हा आकडा म्हणजे भाकरी किती जाड थापली त्याचं माप. काही जण कुठल्या तरी ॲपमध्ये जाऊन ७२ चे ३०० करून आणतात आणि "आता हाय रिझोल्यूशन आहे बघा" म्हणून सांगतात. त्यात फोटोवरची चिठ्ठी बदललेली असते, किंवा सॉफ्टवेअरनं मधले पिक्सेल अंदाजानं भरलेले असतात. पीठ वाढलेलं नसतं.

म्हणून डीपीआय विसरा आणि पिक्सेल मोजा. पुस्तकात फोटो जितके इंच रुंद हवा तितक्याला ३०० नं गुणा. डेमी, म्हणजे नेहमीच्या कथा-कादंबऱ्यांच्या आकाराच्या पुस्तकात मजकुराची रुंदी सव्वाचार इंचांच्या आसपास असते, म्हणजे १२७५ पिक्सेल पुरे. एफोर आकाराचं मुखपृष्ठ पूर्ण भरायचं असेल तर २४८० बाय ३५०८.

यावरून व्हॉट्सॲपचंही कळतं. साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. आमच्या धंद्यात व्हॉट्सॲपच्या फोटोला सरसकट नावं ठेवायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. डेमी पुस्तकात एका ओळीत दोन देणगीदार बसवायचे असतील तर १६०० भरपूर झाले. पण तोच फोटो एफोर मुखपृष्ठावर उभा ताणला तर इंचाला १३७ उरतात, आणि मग देवाच्या मूर्तीच्या डोळ्यांच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात. मूळ फोटो पाठवायचा असेल तर ॲटॅच करताना 'डॉक्युमेंट' निवडा, मग तो जसाच्या तसा येतो. खरी वाट लागते ती दोन्ही एकत्र आल्यावर: व्हॉट्सॲपवर आकसलेला फोटो, आणि तो वर्डमध्ये चिकटवून दोन इंचांचा करून सेव्ह केलेला.

वर्डची ही सवय मोडता येते. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड' असं जाऊन खाली 'इमेज साइझ अँड क्वालिटी' शोधायचं आणि 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' वर टिक करायची. शेजारी ही टिक एका फाइलपुरती की सगळ्या नव्या फाइलींना, असं विचारतं, तेही बघायचं. मात्र हे फोटो घालायच्या आधी करायचं. सेव्ह होऊन गेलेले पिक्सेल टिक केल्यानं परत येत नाहीत.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. वर्ड ही फोटो ठेवायची जागाच नव्हे. तिथं मजकूर ठेवावा आणि फोटोची फक्त खूण ठेवावी. जिथं फोटो हवा तिथं एक स्वतंत्र ओळ लिहायची: 'फोटो ०७ – कळसारोहण, डावीकडून पंच मंडळी'. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, नावाच्या सुरुवातीला तोच क्रमांक ०७. डोळ्यांना दिसावं म्हणून वर्डमध्येही फोटो घालायचा असेल तर खुशाल घाला, पण तो नमुना. कामाची प्रत फोल्डरमधली.

क्रमांक ७ न लिहिता ०७ लिहायचा, नाहीतर काही ठिकाणी १० हा २ च्या आधी येऊन बसतो. फाइलचं नाव रोमन लिपीत, बारीक अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. मराठीचा अभिमान मलाही आहे, आणि सीमाभागात तर तो जरा जास्तच असतो, पण देवनागरी नावांच्या फाइली झिप करून दुसऱ्या जुन्या संगणकावर उघडल्या की नावांच्या जागी नुसती चौकटं आणि प्रश्नचिन्हं दिसलेली मी पाहिली आहेत. मराठी फोटोखालच्या ओळीत असू दे. वेबपान करायचं असेल तर आणखी एक: फोटोच्या नावाचं 'जेपीजी' हे शेपूट मोठ्या रोमन अक्षरांत असो की बारीक, विंडोजला दोन्ही सारखीच वाटतात, पण वेबसाइट ज्या सर्व्हरवर असते तो बहुधा विंडोजवर नाही, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतो, आणि त्याला ती दोन वेगळी नावं वाटतात. घरी दिसणारा फोटो साइटवर दिसत नाही, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

आता फोटो कुठल्या प्रकारात ठेवायचा. माणसं, मंदिर, डोंगर, जत्रा, म्हणजे कॅमेऱ्यानं काढलेलं जे काही, ते जेपीजीमध्ये. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे बारीक चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले डोळ्याला सहसा न जाणवणारे तपशील सोडून देतं. त्यामुळे फाइल हलकी होते. पण उघडून बदल करून पुन्हा सेव्ह केलं की पुन्हा सोडतं. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेल्यासारखं. म्हणून मूळ बाजूला ठेवून कापाकापी प्रतीवर करावी. तक्ते, सही-शिक्का, नकाशा, स्क्रीनशॉट असं जिथं अक्षर किंवा स्वच्छ रेघ आहे, ते पीएनजीमध्ये. पीएनजी काहीच सोडत नाही. जेपीजीमध्ये ठेवलेल्या मराठी तक्त्याची शिरोरेषा जवळून बघा, तिच्याभोवती राखाडी कुसळं उगवलेली दिसतात.

नातू पुण्याला नोकरीला असला की फोटो आयफोनचे येतात आणि जुन्या संगणकावर उघडतच नाहीत. २०१७ पासून आयफोन 'एचईआयसी' प्रकारात फोटो ठेवतो. जेपीजी करून मागावेत. संस्थेचा लोगो मात्र कुणाच्या तरी व्हॉट्सॲप डीपीवरून काढून देऊ नका, हात जोडतो. ज्यानं लेटरहेड केलं त्याच्याकडे कोरल ड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल असते, ती मागा. ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही, कारण त्यात पिक्सेल नसून रेघांची गणितं असतात. जुने लोगो 'ईपीएस' या तसल्याच रेघांच्या प्रकारात असतात, पण वर्डमध्ये ईपीएस घालायची सोय मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये सुरक्षेच्या कारणानं बंद केली. ती फाइल वेगळीच द्यावी.

एक्सेलमधला तक्ता कॉपी करून वर्डमध्ये टाकला तर तो कधी कधी 'ईएमएफ' या विंडोजच्या खास प्रकारात बसतो. त्यात अक्षरं चित्र म्हणून नसतात, अक्षरं म्हणूनच असतात, सोबत फॉन्टचं नाव. आमच्याकडे पतसंस्थांचे अहवाल अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल गेली की 'एकूण ठेवी'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. असा तक्ता आधी पीडीएफ करावा, आणि त्या पीडीएफवरून ३०० डीपीआयचा पीएनजी काढावा. मग त्यातली अक्षरं गोठतात.

स्कॅनचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात कागदांचे प्रकार फार. गावच्या इतिहासाचं पुस्तक म्हटलं की एका फाइलीत मोडीतला जुना कागद, मराठी छापील हँडबिल, आणि देवस्थानच्या जमिनीचा कानडी उतारा असे तिन्ही येतात. तिघांना एकच सेटिंग चालत नाही. हँडबिल, उतारा किंवा टाइप केलेलं पत्र, पांढऱ्यावर काळं असेल तर ६०० डीपीआय, निव्वळ काळं-पांढरं. कमी डीपीआयला मराठीचा अनुस्वार उडतो, आणि कानडीची ओत्तक्षरं, ती अक्षराच्या पायाशी लटकणारी बारीक अक्षरं, भरून जाऊन शाईचा ठिपका होतात. मोडीच्या कागदाला मात्र काळं-पांढरं कधीच करू नये. कागद पिवळा पडलेला, पाण्याचे डाग असलेले. यंत्र डागालाही काळं ठरवतं आणि अर्धं पत्र गिळतं. तो रंगीत, ३०० किंवा ४०० वर स्कॅन करावा.

१९२४ साली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष. शताब्दीच्या आगेमागे त्याचे फोटो माझ्याकडे पुष्कळ आले, आणि बहुतेक कुठल्या ना कुठल्या पुस्तकावरून उचललेले. छापलेला फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो. त्या ठिपक्यांवर स्कॅनरची जाळी पडली की दोन चाळण्या एकमेकींवर धरल्यासारखी नक्षी उमटते आणि सगळ्यांच्या खादीवर चौकडा येतो. स्कॅनरमध्ये 'डीस्क्रीन' असेल तर ते चालू करा. नसेल तर ६०० वर स्कॅन करून किंचित धूसर करा आणि मग आकार निम्मा करा. आणि घरात फोटोची खरी, कागदी प्रत कुणाकडे आहे का ते आधी विचारा. असते पुष्कळदा, फ्रेममागे.

फाइल वर्डमधून वेबपानात किंवा ई-बुकमध्ये नेताना आणखी एक गंमत होते. वर्डमध्ये फोटो दोन तऱ्हांनी राहतो. 'इन लाइन विथ टेक्स्ट' असेल तर तो एखाद्या मोठ्या अक्षरासारखा ओळीत बसतो आणि मजकुराबरोबर पुढे जातो. बाकीच्या तऱ्हांत तो पानावर तरंगतो, मजकूर त्याच्या भोवतीनं वाहतो. ई-बुकला मुळात ठरलेलं पानच नसतं, वाचणाऱ्यानं अक्षर मोठं केलं की पान बदलतं. मग तरंगणारा फोटो कुठं टेकायचा? कुठंही टेकतो. एकदा हलशीच्या नरसिंह मंदिराचा फोटो शेवटच्या पानावर, आभारांच्या मधोमध जाऊन बसला होता. म्हणून सगळे फोटो ओळीत घ्या, आणि फोटोखालचा मजकूर टेक्स्ट बॉक्समध्ये न लिहिता खालच्या परिच्छेदात साधा टाइप करा. नकाशावर वर्डमधले बाण, गोल काढले असतील तर तेही चित्राचा भाग नसतात, वरून ठेवलेले असतात. नकाशा जातो, बाण मागे राहतात. इथंही पीडीएफ आणि पीएनजीचाच उपाय.

काही फोटो आडवे होऊन पडतात. मोबाइल उभा धरून काढलेला फोटो बरेच फोन आडवाच साठवतात आणि सोबत 'नव्वद अंश फिरवून दाखवा' अशी चिठ्ठी लिहितात. जे सॉफ्टवेअर चिठ्ठी वाचतं त्यात फोटो उभा, जे वाचत नाही त्यात सरपंच झोपलेले. फोटो एकदा एडिटरमध्ये उघडून फिरवून सेव्ह केला की चिठ्ठीची गरज उरत नाही.

पण सगळ्यात महागात पडलेली गोष्ट कापण्याची. एका गावच्या मंडळानं स्मरणिकेसाठी समूहफोटो दिला होता. त्यातल्या कडेच्या एका गृहस्थांना, जे आधीच्या वर्षापर्यंत अध्यक्ष होते, वर्डमध्ये 'क्रॉप' करून काढलं होतं. का, ते मी विचारलं नाही. छापील पुस्तक नीट झालं. नंतर त्याच वर्ड फाइलवरून मी वेबपान करून दिलं आणि फोटो नीट न बघता चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: "मालक, ते परत आले की ओ!" वर्डमधलं क्रॉप म्हणजे कापणं नव्हे, नुसता पडदा ओढणं. अख्खा फोटो आत तसाच असतो, आणि फोटो बाहेर काढणारी काही सॉफ्टवेअरं पडद्याकडे बघतच नाहीत. चूक माझीच होती, बघायला हवं होतं. इथं हसून सुटलं, पण आधार कार्डाचा फोटो घालून वरचा नंबर क्रॉपनं झाकणारेही मी पाहिले आहेत. तो नंबर फाइलमध्ये शाबूत असतो. 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' असतं, ते करावं. त्याहून बरं म्हणजे आधीच एडिटरमध्ये कापून मग वर्डमध्ये घालावं.

रंगाचं थोडक्यात. पडद्यावरचा रंग लाल-हिरवा-निळ्या उजेडाचा, छपाईचा रंग चार शायांचा. पडद्यावर पेटलेला भगवा कागदावर थोडा विटकरीकडे झुकतो, आणि मग "आमचा झेंडा असा का दिसतोय" म्हणून लोक भांडायला येतात. शाईची मर्यादा आहे ती. पण म्हणून घरी बसून फोटो चार शायांच्या 'सीएमवायके'त बदलून वर्डमध्ये घालू नका. ते काम छापखान्यावर सोडा, त्यांना त्यांचा कागद ठाऊक असतो.

ई-बुक आणि वेबपानाला उलट हिशेब. तिथं ४००० पिक्सेलचा फोटो म्हणजे वाचणाऱ्याच्या डेटाची नासाडी, आणि कणकुंबीच्या बाजूला, जंगलात, नेटवर्क केव्हा जाईल सांगता येत नाही. रुंदी १२०० ते १६००, जेपीजीची क्वालिटी ८० च्या आसपास, बस झालं. ई-बुकमध्ये टीआयएफएफ आणि ईएमएफ या प्रकारांतली चित्रं नकोत. जेपीजी, पीएनजी चालतात. वर्डमधून 'वेब पेज' म्हणून सेव्ह केलंत तर शेजारी फोटोंचं एक फोल्डर तयार होतं. पान एकटं उचलून दुसरीकडे नेलं की फोटोंच्या जागी मोकळ्या चौकटी. दोन्ही बरोबर न्यायचे.

गुरुजींचं काम शेवटी झालं. मोबाइलमधून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवले, नंबर घातले. दोन फोटो मिळालेच नाहीत, ते होते तसे लहान छापले. ई-बुक करताना मी प्रत्येक फोटोला 'ऑल्ट टेक्स्ट' लिहायला बसलो. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही असे वाचक मोबाइलकडून पुस्तक वाचून घेतात, तेव्हा फोटोच्या जागी ही ओळ ऐकू येते. वर्डमध्ये फोटोवर राइट क्लिक केलं की तिची चौकट मिळते. ती रिकामी नव्हती. नव्या वर्डनं आपल्या हुशारीनं तिथं इंग्रजीत काहीबाही लिहून ठेवलं होतं. फेटा बांधून कळसाशेजारी उभ्या असलेल्या पुजाऱ्यांचं वर्णन होतं: टोपी घातलेला माणूस. गुरुजींनी ते मला मोठ्यानं दोनदा वाचायला लावलं, मग चष्मा पुसला, आणि सत्तरही फोटोंच्या ओळी स्वतः बसून मराठीत सांगितल्या.